बानूसाठी धनगर झालेला देव

खंडोबा ज्यांचे कुलदैवत आहे, त्यांच्या घरी लग्नानंतर जागरण घालतात. वाघ्या-मुरळी येतात, दिमडी-तुणतुणे वाजू लागते. पण कथा रंगात येते तेव्हा मध्यरात्र उलटलेली असते आणि मुले पेंगत असतात. तेलुगू किंवा इंग्रजी शाळेत शिकलेल्या आपल्या मुलांना त्या गाण्यातली मराठी कळतही नाही, आणि आपण मोठे ती समजावून सांगत नाही. म्हणून ही कथा इथे थोडक्यात देत आहोत.

खंडोबाची पहिली पत्नी म्हाळसा, नेवाशाच्या वाण्याची लेक. पुढे देवाचे मन चंदनपुरीच्या बानूवर, म्हणजे बाणाईवर, जडले. (ही चंदनपुरी नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावजवळची. आपण जत्रेला जातो ते लोहा तालुक्यातले माळेगाव वेगळे.) म्हाळसेशी सारीपाट खेळताना देव पैजेचा डाव हरला आणि बारा वर्षांचा वनवास पत्करून निघाला. सांगणाऱ्यागणिक तपशील बदलतो, पण पुढचा भाग बहुतेक सगळे सांगतात. जेजुरीचा राजा म्हाताऱ्याचे रूप घेऊन बानूच्या बापाकडे चाकरीला राहिला. मेंढ्या राखल्या, वाडा झाडला, बोलणी खाल्ली. एके दिवशी त्याने सगळ्या मेंढ्या मारल्या आणि लग्नाचे वचन मिळाल्यावर त्या पुन्हा जिवंत केल्या. आता ही अट म्हणजे थोडी जबरदस्तीच, असे आम्हाला वाटते. पण ऐकणाऱ्यांच्या मनात राहते ती आधीची चाकरी. मेंढरामागे हिंडणाऱ्या माणसाला त्यात आपलेच जगणे दिसते आणि देवही यातून गेला, हा धीर मिळतो.

लग्नाने कथा संपत नाही. दोघी सवतींचे भांडण जेजुरीत पोचते. वाणी आणि धनगर, दोन्ही घरच्या चालीरीती त्यात निघतात आणि लोक पोट धरून हसतात. आजही म्हाळसा गडावर देवाजवळ आहे, तर बाणाईचे देऊळ गडाच्या अर्ध्या वाटेवर. 'जय मल्हार' मालिकेमुळे २०१४ नंतर बानू घरोघरी पोचली खरी, पण ती मूळची गाण्यातली.

आपल्या तेलुगू शेजाऱ्यांनाही ही गोष्ट परकी नाही. त्यांचा मल्लन्ना म्हणजे आपला खंडोबाच. सिद्दिपेट जिल्ह्यातल्या कोमुरवेल्लीला त्याच्या दोन्ही बाजूंना बलिजा मेडलम्मा आणि गोल्ला केतम्मा आहेत. इथेही एक व्यापाऱ्याची आणि एक पशुपालकाची लेक. ओग्गू कथा सांगणारे कलावंत मल्लन्नाची कथा रात्र रात्र गातात. रा. चिं. ढेरे आणि जर्मन अभ्यासक गुंथर सोंथायमर यांनी या दैवतावर विस्ताराने लिहिले आहे.

पुढच्या जागरणात वाघ्याला एवढेच सांगावे, बानूचा भाग आधी घ्या, मुले जागी असतानाच.