टेप बसली, पण वाचता येईल का?

जुन्या बॅकअपची टेप कपाटातून बाहेर निघते ती अडीनडीलाच. तोवर ती लिहिणारा सर्व्हर भंगारात गेलेला असतो आणि टेप दुसऱ्याच यंत्रात घालावी लागते. पुढचे समज नडतात ते तेव्हा.

गैरसमज : टेप केव्हाच इतिहासजमा झाली.
वस्तुस्थिती : आयबीएमचा १९५२ सालचा ‘७२६’ ड्राइव्ह इतिहासजमा झाला, टेप नाही. २०२१ मध्ये आलेल्या एलटीओ-९ च्या, म्हणजे एलटीओ या टेप-प्रकाराच्या नवव्या पिढीच्या, एका कार्ट्रिजमध्ये कॉम्प्रेशन न धरता १८ टेराबाइट मावतात. फेब्रुवारी २०११ मध्ये जीमेलच्या काही खात्यांतले मेल गायब झाले, तेव्हा गूगलने ते टेपवरूनच परत आणले.

गैरसमज : कार्ट्रिज खाचेत बसली की वाचली जाणारच.
वस्तुस्थिती : एलटीओच्या सगळ्या पिढ्यांच्या कार्ट्रिज बाहेरून सारख्याच. पण सातव्या पिढीपर्यंतचे ड्राइव्ह मागच्या दोन पिढ्या वाचत, आठवीपासून एकच. एलटीओ-८ च्या ड्राइव्हमध्ये एलटीओ-६ ची टेप वाचली जात नाही, आणि एलटीओ-१० तर आपल्याखेरीज कुणालाच ओळखत नाही.

गैरसमज : ‘मेमरी अपुरी’ असा संदेश आला, म्हणजे रॅम वाढवा.
वस्तुस्थिती : लिनक्सवर हा संदेश भल्याभल्यांना चकवतो. टेपवर माहिती ब्लॉकमध्ये लिहिली जाते. ‘टार’ हा प्रोग्राम आपण काही सांगितलं नाही, तर १०,२४० बाइटचा ब्लॉक धरतो. दुसऱ्या यंत्राने ६५,५३६ बाइटचे ब्लॉक लिहिले असतील, तर तेवढा घास त्याच्या तोंडात मावत नाही आणि तो मेमरीच्या नावाने ओरडतो. टेप धड असते, रॅमही पुरेशी असते. ‘डीडी’ या आज्ञेने एक मेगाबाइटचं माप देऊन एकच ब्लॉक उचलायचा. किती बाइट आले तो आकडा पडद्यावर दिसतो. तोच ब्लॉकचा आकार. तो ‘टार’ला सांगितला की गाडी रुळावर.

गैरसमज : एका टेपवर दुसरा बॅकअप आपसूक पहिल्याच्या पुढे लिहिला जातो.
वस्तुस्थिती : लिनक्समध्ये एकाच ड्राइव्हला ‘एसटी०’ आणि ‘एनएसटी०’ अशी दोन नावं असतात. ‘एसटी०’ वापरलं, तर काम उरकताच टेप सुरुवातीला येते, फेरी संपवून आगारात परतणाऱ्या एसटीसारखी. मग दुसरा बॅकअप पहिल्यावरच लिहिला जातो. ‘एनएसटी०’ वापरलं, तर टेप जिथल्या तिथे थांबते.

गैरसमज : बाइट हाती आले की मजकूर मिळाला.
वस्तुस्थिती : इंग्रजी कॅपिटल ‘ए’साठी बहुतेक यंत्रं ६५ हा आकडा वापरतात, आयबीएमचे मेनफ्रेम १९३. मोडीतला दस्त देवनागरी समजून वाचावा, तशी गत होते. आधी लिप्यंतर, मग वाचन.

गैरसमज : एलटीएफएसने हे सगळे प्रश्न मिटवले.
वस्तुस्थिती : २०१० मध्ये एलटीओ-५ बरोबर आलेल्या या पद्धतीत टेपचा एक भाग अनुक्रमणिकेला, दुसरा माहितीला. त्यामुळे फाइली पेनड्राइव्हसारख्या दिसतात. पण त्यासाठी टेप मुळात त्या पद्धतीने लिहिलेली हवी.

म्हणून कार्ट्रिजच्या चिठ्ठीवर तारखेसोबत यंत्रणा, प्रोग्राम आणि ब्लॉकचा आकार लिहावा. टेप एन्क्रिप्ट केलेली असेल, तर किल्ली कुणाकडे आहे तेही. किल्ली मात्र नव्हे.