विश्लेषण : नोकरी गेली, मेडिक्लेमही गेला, आता घरच्यांच्या आजारपणाचा खर्च कोण उचलणार?

पती गोव्यातल्या कंपनीत, पत्नी मुले आणि सासूबाईंसह वेंगुर्ल्यात, अशी घरे या तालुक्यात गावोगावी आहेत. कोणी रोज शिरोडा-आरोंदामार्गे ये-जा करतो, कोणी आठवड्याने घरी येतो. अशा घरातली नोकरी गेली की आधी चर्चा होते ती कर्जाच्या हप्त्याची आणि मुलांच्या फीची. कंपनीने काढलेला आरोग्य विमाही त्याच दिवशी गेला, हे बहुतेकदा रुग्णालयाच्या काउंटरवर कार्ड पुढे केल्यावरच कळते. तोपर्यंत काही वाटा बंद झालेल्या असतात.

कंपनीचा विमा नेमका कधी संपतो?

कंपनीच्या समूह विम्याचे मालक आपण नसतो, कंपनी असते. त्यामुळे बहुतेक ठिकाणी कामाचा शेवटचा दिवस हाच विम्याचाही शेवटचा दिवस. पत्नी, मुले, आईवडील या सर्वांचे संरक्षण त्याबरोबर थांबते. अमेरिकेत १९८६ पासून ‘कोब्रा’ नावाचा कायदा आहे. वीस किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या कंपनीतून नोकरी गेलेल्याला पूर्ण हप्ता स्वतः भरून साधारण १८ महिने तोच विमा चालू ठेवता येतो. भारतात असा कायदा नाही. मात्र विमा नियामक ‘इर्डाई’च्या नियमांत एक सोय आहे आणि ती फार थोड्यांना माहीत असते.

ही सोय कोणती?

समूह विम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक किंवा कौटुंबिक पॉलिसीत जाता येते. याला ‘मायग्रेशन’ म्हणतात. हप्ता आता स्वतः भरायचा आणि तो वयानुसार ठरतो, म्हणजे कंपनीत असताना कापला जायचा त्यापेक्षा बराच जास्त असू शकतो. विमा कंपनी प्रकृतीची माहिती मागते, प्रसंगी तपासण्याही करायला लावते. तरीही फायदा मोठा आहे. समूह विम्यात काढलेली वर्षे प्रतीक्षा कालावधीत धरली जातात.

नव्याने पॉलिसी घेतली तर आधीपासून असलेल्या आजारांसाठी ३६ महिन्यांपर्यंत थांबावे लागू शकते. २०२४ पूर्वी ही मर्यादा ४८ महिने होती. शिवाय पहिले ३० दिवस अपघात सोडून बाकी दावे मिळत नाहीत. घरात मधुमेह, रक्तदाब किंवा थायरॉइड असेल तर मायग्रेशन आणि नवी पॉलिसी यांतला फरक तीन वर्षांच्या जोखमीचा आहे.

म्हणून राजीनामा किंवा कपातीचे पत्र हातात पडताच एचआरकडे काही गोष्टी ईमेलवर मागाव्यात : विमा कंपनीचे नाव, पॉलिसी क्रमांक, कुटुंबातल्या कोणाचे संरक्षण कोणत्या तारखेपासून होते त्याचे पत्र, आणि आजवरच्या दाव्यांचा तपशील. मायग्रेशनचा अर्ज शेवटच्या तारखेपूर्वी गेलेला बरा. नंतर एचआरमधला माणूस फोन उचलेलच असे नाही. पत्नी बँकेत किंवा कंपनीत नोकरीला असेल, तर तिच्या समूह विम्यात पती आणि मुलांची नावे घालता येतात का, हे त्याच आठवड्यात विचारावे. अनेक पॉलिसींत ही नावे नूतनीकरणाच्या वेळीच घेतली जातात.

पगारातून ईएसआय कापला जात असेल तर?

२१ हजार रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांचा विमा बहुधा कर्मचारी राज्य विमा महामंडळाकडे असतो. इथे नोकरी सुटली म्हणून उपचार लगेच बंद होत नाहीत. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये, तर ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबरमध्ये लाभ मिळतो. त्या सहा महिन्यांत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. वर्षभर काम करून डिसेंबरअखेर नोकरी सुटलेल्याला हे गणित पुढच्या डिसेंबरपर्यंत पुरू शकते. मडगावला महामंडळाचे रुग्णालय आहे. कार्ड टाकून देण्याआधी आपली वर्गणी कुठपर्यंत भरली गेली आहे, हे महामंडळाच्या संकेतस्थळावर तपासावे.

शिधापत्रिकेवर पाच लाख, हे खरे आहे का?

खरे आहे, आणि नोकरी गेलेल्या घरासाठी सर्वात स्वस्त आधार हाच. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना म्हणून आठ जिल्ह्यांत सुरू झाली. तेव्हा ती पिवळ्या-केशरी कार्डापुरती होती. जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने ती पांढऱ्या शिधापत्रिकेसह राज्यातील सर्व कुटुंबांना खुली झाली आणि संरक्षण वर्षाला कुटुंबामागे दीड लाखावरून पाच लाख रुपये झाले. अंमलबजावणी १ जुलै २०२४ पासून आहे. हप्ता शून्य, प्रतीक्षा कालावधी नाही, जुना आजार असला तरी अडसर नाही. ‘आमचे कार्ड पांढरे, आम्हाला काय मिळणार’ ही समजूत अजून टिकून आहे, ती सोडून द्यावी.

मर्यादाही आहेत. योजना मेडिक्लेमसारखी नाही. ठरावीक उपचारांची यादी आहे. आधी १,३५६ उपचार होते, २०२५ मध्ये ती २,३९९ पर्यंत वाढवण्याचा निर्णय झाला. यादीतला उपचार, योजनेशी जोडलेले रुग्णालय आणि आरोग्यमित्रामार्फत मंजुरी, हे तिन्ही जुळले तरच पैसे भरावे लागत नाहीत. काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत. आधी खासगीत बिल भरून नंतर परतावा मागू, असे इथे चालत नाही. म्हणून दाखल होण्याआधी १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या क्रमांकावर रुग्णालय आणि उपचार या दोन्हींची खात्री करून घ्यावी.

खरी अडचण अनेकदा कार्डावरच्या नावांची असते. सुनेचे नाव अजून माहेरच्या शिधापत्रिकेवर, धाकट्या मुलाचे कुठेच नाही, आधारवर आडनाव वेगळे, पतीचे कार्ड मुंबईच्या जुन्या पत्त्यावर. हे सरळ करायला तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत फेऱ्या माराव्या लागतात, आणि रुग्ण दाखल असताना त्या मारणे कठीण. शिधापत्रिका नसलेल्यांना अधिवास प्रमाणपत्रावर लाभ घेता येतो.

सिंधुदुर्गातले रुग्ण गोव्याला जातात, त्यांचे काय?

गंभीर रुग्ण बांबोळीला हलवायचा, ही वेंगुर्ल्याची जुनी सवय. पण गोवा वैद्यकीय महाविद्यालयात गोव्याबाहेरच्या रुग्णांना जानेवारी २०१८ पासून शुल्क लागू झाले. गोव्याच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेसाठी तिथे पाच वर्षांचे वास्तव्य लागते, त्यामुळे रोज वेंगुर्ल्याहून कामाला जाणाऱ्याला ती मिळत नाही, मग त्याने तिथे पंधरा वर्षे नोकरी केलेली असो. तातडीची वेळ नसेल तर आधी ओरोसच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि जिल्ह्यातील योजनेच्या रुग्णालयांत विचारावे. बांबोळीलाच जायचे असेल तर त्या उपचाराला योजना तिथे लागू होते का, हे निघण्यापूर्वी हेल्पलाइनवर विचारून घ्यावे.

सासूबाई सत्तरीच्या पुढे असतील तर?

ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, ‘आयुष्मान वय वंदना’ कार्ड मिळते. त्यावर वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. आधार पुरते. हे कार्ड आधी काढावे, कारण खासगी पॉलिसीचा हिशेब त्याने बदलतो. कौटुंबिक पॉलिसीचा हप्ता घरातल्या सर्वात मोठ्या व्यक्तीच्या वयावर ठरतो. सत्तरीच्या आजींना त्यात घेतले की चाळिशीतल्या दांपत्याचाही हप्ता फुगतो. त्यांना सरकारी कार्डावर ठेवून पती, पत्नी, मुलांसाठी वेगळी पॉलिसी घेणे बहुतेक घरांना परवडेल.

नवी पॉलिसी घ्यायचीच असेल तर?

योजना असताना पैसे कशाला घालवायचे, हा प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की यादीबाहेरचे आजार आणि योजनेबाहेरची रुग्णालये उरतातच. ‘आरोग्य संजीवनी’ ही १ एप्रिल २०२० पासून सुरू झालेली प्रमाणित पॉलिसी आहे. अटी सर्व कंपन्यांत सारख्या, फरक हप्त्याचा, त्यामुळे तुलना सोपी. दाव्यातील पाच टक्के रक्कम मात्र स्वतः भरावी लागते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी रद्द झाला आहे, तेव्हा जुने कोटेशन पुन्हा मागवावे. काजू-आंब्यावर वर्षाचे गणित असेल तर हप्त्याची तारीख मे महिन्यात येईल असे पाहावे. मासिक हप्ता चुकला तर साधारण १५ दिवसांचीच सवलत असते.

मधुमेह अर्जात लपवू नये. एजंट ‘लिहू नका’ म्हणाला तरी सही अर्जदाराची असते आणि दावा नाकारला गेला तर नुकसानही त्याचेच. आणखी एक गल्लत वारंवार होते. बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापले जातात ती पंतप्रधान सुरक्षा विमा योजना आहे. तिच्यात अपघाती मृत्यू आणि अपंगत्वाची भरपाई मिळते, रुग्णालयाचे बिल नाही.

रोजच्या औषधांना तर यातली बहुतेक साधने लागूच होत नाहीत. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या तिथून किंवा जनऔषधी केंद्रातून घेतल्या, तर महिन्याच्या खर्चातून वाचलेले पैसे पॉलिसीच्या हप्त्याकडे वळवता येतात.