डिस्क किती लागतील? टेराबाइट मोजून कळत नाही

स्टोरेज ॲरेची मागणी ठरवताना काही समजुती वर्षानुवर्षे तशाच चालत आल्या आहेत. साधा गुणाकार-भागाकार केला तरी त्या टिकत नाहीत.

गैरसमज १: जागा पुरेशी असली की वेगही पुरतो.

कोटेशनवर टेराबाइटच ठळक दिसतात, म्हणून हे पटते. पण मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या डिस्कवर हवा तो भाग हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारे ४.२ मिलिसेकंद लागतात. हेड सरकायला आणखी साधारण ८.५ धरा. म्हणजे विखुरलेल्या जागांवरच्या विनंत्या सेकंदाला (आयओपीएस) जेमतेम ७९ होतात. डिस्क २ टेराबाइटची असो की २० ची, हा आकडा फारसा हलत नाही.

गैरसमज २: ॲप्लिकेशनला २,००० आयओपीएस हवेत, तर डिस्कनी मिळून तेवढेच द्यायचे.

वाचनापुरते हे खरे आहे आणि फसगत तिथेच होते. रेड ५ मध्ये एका छोट्या लेखनासाठी जुना डेटा आणि जुनी पॅरिटी वाचावी लागते, मग दोन्ही नव्याने लिहाव्या लागतात. एका लेखनामागे अशी चार कामे होतात. रेड १० मध्ये दोन, तर रेड ६ मध्ये सहा. ७० टक्के वाचन आणि ३० टक्के लेखन असेल, तर २,००० ची मागणी रेड १० वर २,६००, रेड ५ वर ३,८०० आणि रेड ६ वर ५,००० होते. प्रत्येकी १८० आयओपीएस देणाऱ्या डिस्क घेतल्या, तर अनुक्रमे १६ (रेड १० मध्ये डिस्क जोडीने लागतात), २२ आणि २८ लागतील.

गैरसमज ३: कॅशे मोठी असली की डिस्क मोजायची गरज नाही.

चाचणीच्या पहिल्या काही मिनिटांत आकडे उत्तम येतात, कारण लेखन कॅशेतच थांबलेले असते. ते कधीतरी डिस्कवर उतरवावेच लागते. कॅशे भरली की नवे लेखन डिस्कच्याच गतीने पुढे सरकते. कॅशे क्षणिक लाट झेलते. सततचा भार डिस्कनाच वाहावा लागतो.

गैरसमज ४: एसएसडी घेतल्या की हिशेब संपला.

एकेक एसएसडी हजारो आयओपीएस देते, म्हणून निर्धास्त वाटते. पण रेडमुळे वाढणारे लेखन इथेही असते आणि त्यातून एसएसडीची झीजही वाढते. शिवाय अडथळा दुसरीकडे सरकतो. १० गिगाबिटच्या एका पोर्टमधून ६४ किलोबाइटच्या विनंत्या सेकंदाला सुमारे १९,००० च जाऊ शकतात, मग मागे कितीही डिस्क असोत.

खरेदीआधी चालू यंत्रणेवर गर्दीच्या वेळचे आयओपीएस, वाचन-लेखनाचे प्रमाण आणि विनंतीचा आकार मोजून घ्या. टेराबाइटचा विचार त्यानंतर करा.