समलिंगी विवाहाचा निकाल आणि पूर्वनिर्णयाचे बंधन

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १० नोव्हेंबर २०२५ रोजी केंटकी राज्यातील माजी काउंटी लिपिक किम डेव्हिस यांची याचिका कोणतेही कारण न नोंदवता फेटाळली. समलिंगी विवाहाला संरक्षण देणारा २०१५ चा निकाल रद्द करावा, अशी मागणी याचिकेत होती. याचिका सुनावणीस घेण्यासाठी नऊपैकी चार न्यायाधीशांची संमती आवश्यक असते; ती मिळाली नाही. मात्र याचिका नाकारणे म्हणजे मूळ निकालावर नव्याने शिक्कामोर्तब करणे नव्हे. त्यामुळे हा पूर्वनिर्णय न्यायालयाने पुढेही जपावा काय, हा प्रश्न कायम आहे.

काय होता निकाल?

ओहायो राज्यातील जिम ओबर्गेफेल यांचे जोडीदार जॉन आर्थर असाध्य आजाराने अंथरुणाला खिळले होते. ओहायोत समलिंगी विवाहाला बंदी असल्याने दोघे जुलै २०१३ मध्ये मेरीलँड राज्यात गेले आणि बाल्टिमोर विमानतळावर विमानातच विवाहबद्ध झाले. आर्थर यांच्या मृत्यूच्या दाखल्यावर पती म्हणून आपले नाव नोंदवावे, एवढीच ओबर्गेफेल यांची मागणी होती. ओहायोचा कायदा त्याला आडवा येत होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आर्थर यांचे निधन झाले.

हे प्रकरण अन्य राज्यांतील खटल्यांसह सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. २६ जून २०१५ रोजी न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला. विवाहाचा हक्क राज्यघटनेच्या चौदाव्या दुरुस्तीने संरक्षित असून तो समलिंगी जोडप्यांनाही लागू होतो, असे न्यायमूर्ती अँथनी केनेडी यांनी बहुमताच्या निकालपत्रात म्हटले. घटना या विषयावर मौन बाळगते, म्हणून निर्णय मतदारांनी आणि विधिमंडळांनी घ्यावा, अशी सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांची भिन्न मतपत्रिका होती.

शंका कोठून आली?

२४ जून २०२२ रोजी याच न्यायालयाने गर्भपाताच्या हक्काचा १९७३ चा निकाल रद्द केला. हा निर्णय अन्य हक्कांना लागू नाही, असे बहुमताने स्पष्ट केले. परंतु न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी स्वतंत्र मत नोंदवून समलिंगी विवाहाच्या निकालाचाही फेरविचार व्हावा, असे सुचविले. २०१५ च्या बहुमतातील पाचपैकी केनेडी, गिन्सबर्ग आणि ब्रेयर हे तिघे आता न्यायासनावर नाहीत.

पूर्वनिर्णय अपरिवर्तनीय असतो, असे कोणीच म्हणत नाही. वांशिक विभक्ततेला मान्यता देणारा १८९६ चा निकाल न्यायालयाने शालेय शिक्षणाच्या क्षेत्रात १९५४ मध्ये मोडीत काढला आणि त्या चुकीच्या दुरुस्तीचे आज स्वागतच होते. २०१५ च्या निकालाचे टीकाकार याच उदाहरणाचा आधार घेतात. म्हणूनच केवळ ‘निकाल जुना आहे’ हा बचाव पुरेसा ठरत नाही.

अधिक भक्कम बचाव वेगळा आहे. निकाल बदलण्यापूर्वी न्यायालय त्यातील तर्काच्या गुणवत्तेबरोबरच, लोकांनी त्यावर विसंबून आपले व्यवहार कसे उभारले आहेत, हेही पाहते. गर्भपात बहुधा पूर्वनियोजित नसतो, म्हणून असे ठोस अवलंबन तेथे दिसत नाही, असे २०२२ च्या निकालपत्रात म्हटले होते. मालमत्ता आणि करार यांबाबत ते सर्वाधिक असते, असेही त्यात नमूद होते. हीच कसोटी विवाहाला लावली, तर उत्तर उलट येते. घर, कर्ज, विमा, निवृत्तिवेतन, वारसा, मुलांचे पालकत्व आणि परदेशी जोडीदाराचा व्हिसा या सर्वांचा पाया विवाहाची नोंद हाच असतो. विल्यम्स इन्स्टिट्यूटच्या २०२५ च्या अंदाजानुसार अमेरिकेत अशी आठ लाखांहून अधिक विवाहित जोडपी आहेत.

कायद्याचा आधार अपुरा

डिसेंबर २०२२ मध्ये संमत झालेल्या संघीय कायद्यानुसार, अन्य राज्यात झालेल्या विवाहाला प्रत्येक राज्याने मान्यता देणे बंधनकारक आहे. मात्र स्वतः विवाह परवाना देण्याची सक्ती त्यात नाही. निम्म्याहून अधिक राज्यांच्या घटनेत वा कायद्यात जुनी बंदी अद्याप लिखित स्वरूपात आहे. ती निष्प्रभ आहे ती केवळ २०१५ च्या निकालामुळे. हा निकाल हटला, तर त्या राज्यांतील जोडप्यांना विवाहासाठी पुन्हा परराज्याची वाट धरावी लागू शकते.

भारतातील स्थिती वेगळी आहे. सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ विषयीचा २०१३ चा स्वतःचाच निकाल २०१८ मध्ये रद्द करून प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्हेगारीच्या कक्षेबाहेर आणले. परंतु १७ ऑक्टोबर २०२३ रोजी समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार देत हा विषय संसदेवर सोपविला. फेरविचार याचिकाही जानेवारी २०२५ मध्ये फेटाळण्यात आल्या. त्यामुळे भारतात अशा जोडप्यांचा प्रश्न हक्क मिळविण्याचा आहे. अमेरिकेत तो मिळालेल्या हक्काच्या भरवशावर उभारलेले संसार टिकविण्याचा आहे. पूर्वनिर्णय जपण्याचा विचार करताना तेथील न्यायालयाला या संसारांचा हिशेब टाळता येणार नाही.