घरमालकाचं दिवाळं निघालं, मग एजंटला भाडं द्यायचं का?

चुडाव्याच्या स्टेशनवरून गाडीत बसलं की नांदेड फार लांब नाही. तरी पोरांच्या क्लाससाठी रोजची ये-जा नको म्हणून अनेक पालक तिथं खोली घेतात. खोली एजंट दाखवतो, डिपॉझिट तोच घेतो, भाडंही त्याच्याच खात्यावर जातं. घरमालकाचं तोंडही कित्येकांनी पाहिलेलं नसतं. आता कोर्टाने त्याच मालकाला दिवाळखोर ठरवलं तर?

भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २०१ नुसार ज्याच्या वतीने एजंट काम करतो तो दिवाळखोर ठरला की एजन्सी संपते. म्हणजे त्यानंतर एजंटने मालकाच्या नावाने भाडं गोळा करायचं नाही, नवा करारही करायचा नाही. मात्र कलम २०८ म्हणतं की ज्याला हे माहीतच नाही, त्याच्यापुरती एजन्सी कळेपर्यंत चालू राहते. त्यामुळे बातमी कळण्याआधी एजंटला दिलेलं भाडं दिलेलंच धरा, असं तुम्हाला ठामपणे म्हणता येतं. पावती किंवा ऑनलाइन पेमेंटची नोंद तेवढी जपा.

मग पुढचं भाडं कुणाला? मुंबई सोडली तर राज्यात सामान्य माणसाच्या दिवाळखोरीला अजूनही १९२० चाच प्रांतिक दिवाळखोरी कायदा लागतो (२०१६ च्या नव्या कायद्यातला तो भाग सरसकट लागूच झालेला नाही). आदेश निघताच मालमत्ता कोर्टाकडे किंवा कोर्टाने नेमलेल्या रिसीव्हरकडे जाते. भाडंही तिकडेच. एजंटच्या हातात मालकाचे पैसे उरले असतील, तर आपलं राहिलेलं कमिशन आणि खर्च कापून बाकीचा हिशेब त्याने रिसीव्हरला द्यायचा. ‘मालक ओळखीचे आहेत, गुपचूप देऊन टाकतो’ हे चालत नाही.

खरं दुखणं डिपॉझिटचं. ते मालकाकडे पोचलं असेल तर एजंटकडून सहसा वसूल होत नाही. तुम्ही इतर देणेकऱ्यांच्या रांगेत उभे राहता आणि पूर्ण रक्कम मिळेलच असं नाही. पण रांगेत नाव लावायला वकिलाचा मोठा थाट लागत नाही. किती येणं आहे याचं शपथपत्र कोर्टात नेऊन द्या किंवा रजिस्टर पोस्टाने पाठवा, कलम ४९ मध्ये तशी सोय आहे.

आणि एक गल्लत टाळा. हप्ते थकले म्हणून बँकेने घरावर नोटीस लावली, म्हणजे मालक दिवाळखोर झाला असं नाही. तेवढ्याने एजन्सी आपोआप संपत नाही. तिथं पहिला प्रश्न विचारला जातो तो नोंदणीकृत भाडेकराराचा. महाराष्ट्रात तो नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे, एजंटची नाही.