स्मार्टफोनवरील पर्यायी फर्मवेअर आणि प्रारंभदोषांचे निदान

लालबाग-परळच्या बाजारात फोन दुरुस्त करणाऱ्याकडे बंद पडलेला स्मार्टफोन नेला, की बहुधा एक वाक्य कानी पडते : ‘सॉफ्टवेअर मारावे लागेल.’ या तीन शब्दांत दोन भिन्न क्रिया एकत्र झालेल्या असतात. उत्पादकाने दिलेली मूळ आज्ञावली पुन्हा भरणे ही पहिली. तिच्या जागी दुसऱ्या कोणी तयार केलेली आज्ञावली बसविणे ही दुसरी. पहिलीने यंत्र पूर्वस्थितीस येते, दुसरीने यंत्राचा स्वभावच बदलतो. दोहोंत काही चुकले, तर बाह्य लक्षण मात्र एकच दिसते : पडद्यावर उत्पादकाचे बोधचिन्ह येते, नाहीसे होते आणि पुन्हा येते. मालकाच्या दृष्टीने फोन ‘मेलेला’ असतो. वस्तुतः बहुतेक वेळा तो मेलेला नसून प्रारंभाच्या एका विशिष्ट टप्प्यावर अडलेला असतो. आणि तो टप्पा न ओळखता केलेल्या उपचाराने फोन वाचतो, पण त्यातील छायाचित्रे, पत्रे व कागदपत्रे कायमची नष्ट होतात. म्हणून पर्यायी फर्मवेअरची स्थापना आणि तीतून उद्भवणारे प्रारंभदोष यांचा विचार निदानाच्या अंगाने करणे अगत्याचे आहे.

१. पर्यायी फर्मवेअर

यंत्राच्या स्मृतीत उत्पादकाने स्थिर स्वरूपात भरून दिलेली, यंत्रभागांना चालविणारी आज्ञावली म्हणजे फर्मवेअर होय. फोनच्या बाबतीत या शब्दाची व्याप्ती वाढली असून, संपूर्ण कार्यप्रणालीसह जे काही कारखान्यातून भरलेले येते त्या सर्वास व्यवहारात फर्मवेअर अथवा ‘रॉम’ म्हणतात. अँड्रॉइड प्रणालीचा पहिला फोन २००८ साली बाजारात आला. या प्रणालीचा मोठा भाग मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध झालेला असल्यामुळे तिच्यात फेरफार करून तिची नवी आवृत्ती तयार करणे इतरांना शक्य झाले. २००९ साली स्टीव्ह कोंडिक यांनी आरंभिलेला सायनोजेनमॉड हा या प्रकारचा सर्वांत प्रसिद्ध प्रयत्न. २०१६ च्या अखेरीस तो बंद पडला व लीनिएजओएस या नावाने त्याची परंपरा पुढे चालू राहिली. भारतात डिसेंबर २०१४ मध्ये मायक्रोमॅक्सच्या ‘यू युरेका’ या फोनबरोबर सायनोजेनची प्रणाली कारखान्यातूनच भरून आली, आणि तिच्या भारतातील हक्कांवरून मायक्रोमॅक्स व वनप्लस यांच्यातील वाद त्याच महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयात गेला. हौशी मंडळींचा उद्योग अवघ्या पाच वर्षांत व्यापारी तंट्याचा विषय झाला होता.

येथे एक मर्यादा ध्यानात घेतली पाहिजे. प्रणाली मुक्त असली, तरी कॅमेरा, मोडेम इत्यादी भाग चालविणाऱ्या आज्ञावली बहुधा त्या त्या चिप-उत्पादकाच्या खाजगी मालकीच्या असतात. त्यामुळे पर्यायी रॉम सामान्यतः एकाच नमुन्याच्या फोनसाठी तयार झालेला असतो. नावात एका अक्षराचा फरक असलेल्या दोन फोनांतही तो अदलाबदल करता येईलच असे नाही.

२. प्रारंभाची साखळी

फोनचे बटन दाबल्यापासून मुख्य पडदा दिसेपर्यंत ज्या घडामोडी होतात, त्यांना जुन्या कापडगिरणीची उपमा चपखल लागू पडते. कापसाची गासडी फुटल्यापासून कापड बाहेर पडेपर्यंत माल एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जात असे. कताई थांबली असता साच्यांची दुरुस्ती करून कापड निघत नसे. कापड का निघत नाही, याचे उत्तर शोधताना ‘माल कोणत्या खात्यापर्यंत पोहोचला?’ हाच पहिला प्रश्न असे. फोनच्या बाबतीतही तोच प्रश्न प्रथम विचारावयाचा असतो.

ही खाती पुढीलप्रमाणे आहेत. (१) चिपमध्ये कायमची कोरलेली आद्य आज्ञावली, म्हणजे बूटरॉम; ही कोणासही बदलता येत नाही. (२) बूटलोडर, हा स्मृतीची व पडद्याची प्राथमिक तयारी करून पुढील भाग शोधतो. (३) कर्नल, म्हणजे लिनक्स प्रणालीचा गाभा. (४) ‘इनिट’ ही पहिली प्रक्रिया. ही स्मृतीचे निरनिराळे विभाग जोडून सेवा सुरू करते. (५) ‘झायगोट’ व त्यातून जन्मणारी मुख्य प्रणाली-सेवा; हिच्यानंतरच मुख्य पडदा दिसतो.

या क्रमात निदानाची किल्ली दडलेली आहे. पडद्यावरील स्थिर बोधचिन्ह बूटलोडर दाखवितो; हलणारे चित्र मात्र कर्नल सुरू होऊन चौथ्या खात्यात काम चालू झाल्यावरच दिसू शकते. स्थिर चिन्हावर अडलेला फोन व हलत्या चित्रावर अडलेला फोन हे म्हणूनच दोन वेगळे रोगी होत.

ही साखळी केवळ क्रमाची नसून विश्वासाचीही आहे. प्रत्येक टप्पा पुढील टप्प्याची सांकेतिक स्वाक्षरी तपासतो आणि ती उत्पादकाची असेल तरच त्यास आत घेतो. गिरणीच्या दरवाजावर बदली कामगाराचा पास पाहिला जावा, तशीच ही तपासणी. प्रणालीच्या विभागांची अशी पडताळणी करण्याची सोय अँड्रॉइड ४.४ मध्ये २०१३ साली आली व २०१६ च्या ७.० आवृत्तीपासून तिची अंमलबजावणी कडक झाली. पर्यायी फर्मवेअर हा उत्पादकाच्या पासाविना आलेला बदली होय. त्यास आत घ्यावयाचे तर प्रथम दरवानालाच तशी आज्ञा द्यावी लागते. यालाच बूटलोडर ‘अनलॉक’ करणे म्हणतात.

३. मराठी अक्षरांचे उदाहरण

पर्यायी फर्मवेअर हा केवळ छंदिष्टांचा विषय नव्हे, हे मराठी वाचकांच्याच एका अनुभवावरून दिसते. अँड्रॉइडच्या २.२ व २.३ या आवृत्त्या प्रचारात असताना अनेक फोनांवर देवनागरी मजकुराच्या जागी रिकाम्या चौकटी दिसत. अक्षरांच्या आकृत्यांचा संच, म्हणजे फाँट, त्यांत नव्हताच. केवळ फाँट घालूनही प्रश्न सुटत नसे. युनिकोडमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनानंतर साठविली जाते, परंतु लिहिली जाते व्यंजनाच्या आधी. हा क्रम लावणारी यंत्रणा प्रणालीत नसेल, तर ‘गिरणी’ हा शब्द ‘गरिणी’ व ‘चिवडा’ हा ‘चविडा’ असा दिसे. जोडाक्षरे फुटून मध्ये हलन्त उभा राही. काही उत्पादकांनी आपल्या फोनांत ही सोय स्वतंत्रपणे केली होती. इतर फोनांच्या मालकांना ऑपेरा मिनीमध्ये मजकूर चित्ररूपाने मागविण्याची युक्ती करावी लागे. २०११ साली आलेल्या ४.० व त्यानंतरच्या आवृत्त्यांत ही उणीव क्रमाक्रमाने भरून निघाली.

तोपर्यंत ज्यांना थांबणे शक्य नव्हते, त्यांनी फोनवर संपूर्ण अधिकार मिळवून प्रणालीच्या विभागातील मूळ फाँट काढला व देवनागरी अक्षरे असलेला दुसरा त्याच नावाने तेथे ठेवला. कित्येकांचा फोन त्यानंतर हलत्या चित्राच्या पुढे जाईना. कारण क्षुल्लक असे : नवी फाइल अर्धवट उतरलेली असे, अथवा ती वाचण्याची परवानगी इतर प्रक्रियांना दिलेली नसे. मुख्य प्रणाली-सेवा फाँट मागे, तो न मिळाल्याने कोसळे, पुन्हा सुरू होई व पुन्हा कोसळे. बूट-लूप म्हणतात तो हाच. रिकव्हरीतून त्या एका फाइलची परवानगी सुधारणे अथवा मूळ फाँट परत ठेवणे एवढाच येथे उपचार होता. पहिली चार खाती बिनचूक चालत असताना सरसकट ‘सॉफ्टवेअर मारणे’ म्हणजे एक धागा तुटला म्हणून गिरणी पाडण्यासारखे होते.

४. स्थापनेचा क्रम

स्थापनेपूर्वीची तयारी ही स्थापनेहून महत्त्वाची आहे. फोनचा नेमका नमुना-क्रमांक निश्चित करावा. त्याच नमुन्याचे उत्पादकाचे मूळ फर्मवेअर संगणकावर आधीच उतरवून ठेवावे. उतरविलेल्या प्रत्येक फाइलची बेरीज-खूण प्रकाशित खुणेशी ताडून पाहावी. घट पुरेसा भारित असावा. मोडेमची ओळख व आयएमईआय क्रमांक ज्या विभागात असतो, त्याची प्रत शक्य असेल तेथे काढून ठेवावी.

यानंतर सेटिंग्जमधील विकासकांसाठीचे पर्याय उघडून अनलॉकची अनुमती द्यावयाची असते. काही उत्पादक त्यासाठी ठरावीक दिवस थांबावयास लावतात, तर काही ती मुळीच देत नाहीत. अनलॉक करताना फोनमधील सर्व माहिती पुसली जाते. हा दोष नसून हेतुपुरस्सर केलेली योजना आहे. अन्यथा चोरीच्या फोनवर नवी प्रणाली घालून आतील माहिती वाचता आली असती. तात्पर्य, माहितीची प्रत काढण्याची वेळ अनलॉकच्या आधीची आहे, नंतरची नव्हे.

पुढे पर्यायी रिकव्हरी बसवून तिच्यातून जुन्या प्रणालीची माहिती स्वरूपासह पुसावी व नवा रॉम भरावा. गूगलच्या सेवा हव्या असल्यास त्या पहिल्या प्रारंभापूर्वीच भराव्यात. पहिल्या प्रारंभास नेहमीपेक्षा बराच अधिक वेळ लागतो; दहा-पंधरा मिनिटांच्या आत उतावळेपणाने बटन दाबून फोन बंद करू नये. पर्यायी रॉम असताना बूटलोडर पुन्हा ‘लॉक’ करणे ही तर घातक चूक होय. दरवान पुन्हा उत्पादकाचाच पास मागू लागतो, आणि आत असलेल्या बदलीपाशी तो नसतो.

५. लक्षणे व उपचार

पडद्यावर काहीच न दिसल्यास प्रथम घट, तार व भारणयंत्र तपासावे. संगणकास जोडल्यावर चिप केवळ आपल्या मूलभूत अवस्थेत ओळखली जात असेल, तर बूटरॉम जिवंत असून बूटलोडर बिघडला आहे, असा निष्कर्ष निघतो. येथे उत्पादकाच्या स्वाक्षरीची साधने लागतात. म्हणून काम अधिकृत केंद्राकडे सोपविणे इष्ट.

स्थिर बोधचिन्हावर फोन अडल्यास दोष बहुधा बूट-विभागात किंवा पडताळणीच्या नोंदीत असतो. बसविलेल्या प्रणालीच्याच आवृत्तीची बूट-प्रतिमा फास्टबूट अवस्थेतून पुन्हा भरल्यास तो पुष्कळदा दूर होतो, व मालकाच्या माहितीस धक्का लागत नाही.

हलते चित्र अखंड चालू राहिल्यास विसंगती प्रणाली व माहिती यांच्यात असते. एका रॉमची माहिती तशीच ठेवून तिच्यावर दुसरा रॉम भरणे हे याचे नित्याचे कारण. अशा वेळी नुकताच घातलेला बदल, मग तो फाँट असो वा मोड्यूल, प्रथम मागे घ्यावा. पूर्वी परवानगी दिलेली असल्यास संगणकावर प्रणालीची नोंदवही वाचून कोणती सेवा कोसळते ते पाहावे. आणि माहिती पुसण्याचा उपाय अगदी शेवटी योजावा.

फोन दर वेळी रिकव्हरीतच परतत असेल, तर सांकेतिकीकरण झालेला माहिती-विभाग नव्या प्रणालीस उघडता येत नाही, अशी शंका घ्यावी. ज्या फोनांत प्रणालीच्या दोन प्रती असतात, तेथे दुसऱ्या प्रतीवरून प्रारंभ करून पाहणे हा निरुपद्रवी उपाय आहे. उतावळेपणाने जुनी आवृत्ती भरणे मात्र टाळावे. काही फोन मागील आवृत्तीकडे परतण्यास नकार देतात, व काहींत तसा प्रयत्न केल्यास फोन कायमचा बंद पडतो.

या सर्वांतील सूत्र एकच : कमी नाश करणारा उपाय आधी, अधिक नाश करणारा नंतर.

६. हक्क आणि मर्यादा

तीन-चार वर्षांच्या फोनला उत्पादकाकडून सुरक्षिततेच्या सुधारणा मिळेनाशा होतात, तेव्हा त्याचे यंत्रभाग बहुधा धडधाकट असतात. वडिलांचा फोन मुलाकडे व मुलाचा आजीकडे जाणाऱ्या घरात पर्यायी फर्मवेअर त्यास आणखी काही वर्षे आयुष्य देऊ शकते. परंतु त्याची किंमतही स्पष्टपणे सांगितली पाहिजे. अनलॉक केलेल्या फोनवर बँकांची व पैसे देण्याची अनेक अ‍ॅप चालण्यास नकार देतात. सॅमसंगच्या अनेक फोनांत ‘नॉक्स’ची विद्युत्-खूण एकदा जळाली, की मूळ फर्मवेअर भरूनही पूर्ववत होत नाही. आयएमईआय क्रमांकात फेरफार करणे तर भारतात गुन्हाच आहे. त्यासाठी २०१७ साली स्वतंत्र नियम करण्यात आले. क्रमांकाची प्रत जपणे व क्रमांक बदलणे या दोन सर्वस्वी निराळ्या गोष्टी आहेत.

मालकास परक्यापासून वाचविणारी साखळी प्रसंगी मालकालाच बाहेर ठेवते, हा या विषयातील खरा पेच होय. साखळी तोडावी की नाही, हे मालकाने ठरवावे. परंतु कोणता दुवा तुटला हे न पाहता सर्वच दुवे बदलण्याचा सल्ला त्यास कोणी देऊ नये. फोन दुकानाच्या फळीवर ठेवला जातो, तेव्हा त्याच्या किमतीची चौकशी सारेच करतात. ‘तो कोठपर्यंत चालू होतो?’ हा प्रश्न आधी विचारला गेला, तर पुष्कळ घरांतील मृत माणसांची शेवटची छायाचित्रे वाचतील.