बाजाराची भरती आणि ओहोटी

मे महिन्यात माझा भाचा घरी आला. आपाचा धाकटा. आंबे खाऊन झाल्यावर त्यानं मोबाइल माझ्यासमोर धरला. पडद्यावर लाल-हिरव्या मेणबत्त्या, त्यांच्यातून गेलेल्या रंगीत रेघा आणि खाली आणखी दोन-तीन पट्टे. म्हणाला, "मामू, बघा, पाचच्या पाच इंडिकेटर वरची दिशा दाखवतायत. दोन लाख द्या, दिवाळीपर्यंत परत करतो." दुकानाच्या अनामतीसाठी साठवलेले तीन लाख त्यानं आधीच या मेणबत्त्यांत वितळवले होते. आपानं मला ते फोनवर सांगितलं होतं. मला ठाऊक आहे हे मात्र त्याला ठाऊक नव्हतं.

मी कविता लिहिणारा माणूस, मराठी घेऊन बी.ए. झालेला. असल्या विषयात मी काय बोलणार, असंच त्याला वाटलं असावं. पण या रेघांशी माझी ओळख जुनी आहे आणि ती फुकटात झालेली नाही. त्या काय सांगतात आणि काय सांगत नाहीत, एवढंच आज बोलणार आहे. कोणता शेअर घ्यावा, हे कृपा करून मला विचारू नका.

बाजाराची दिशा ओळखण्याच्या या विद्येचा आरंभ चार्ल्स डाऊ या अमेरिकन पत्रकारापासून सांगतात. 'वॉल स्ट्रीट जर्नल' हे दैनिक १८८९ मध्ये काढणाऱ्यांपैकी तो एक. १८९६ मध्ये त्यानं मोठ्या उद्योगांच्या शेअरभावांचा निर्देशांक सुरू केला. 'डाऊ जोन्स' म्हणून तो आजही बातम्यांत असतो. १९०१ मधल्या एका लेखात त्यानं बाजाराला समुद्राची उपमा दिली. भरती चालू आहे की ओहोटी लागली, हे एका लाटेवरून कळत नाही. लाट जिथवर आली तिथं वाळूत काठी रोवावी. पुढची लाट तिच्या पुढे गेली, तर काठी पुढे न्यावी. असं करता करता लाटा काठीपर्यंत पोचेनाशा झाल्या, की समजावं पाणी फिरलं.

आम्हा किनाऱ्यावरच्या लोकांना हे कुणी शिकवावं लागत नाही. लहानपणी आम्ही काठीऐवजी माडाचा हीर रोवत असू. शेअरच्या भावात याचा अर्थ असा, की प्रत्येक नवं शिखर आधीच्या शिखरापेक्षा उंच आणि प्रत्येक घसरणीचा तळही आधीच्या तळापेक्षा वर, तर कल चढता. याच्या उलट घडू लागलं, तर उतरता. एक फरक मात्र फार मोठा आहे. आमच्याकडे तिथीची पाऊणपट केली, की पूर्ण भरतीची वेळ निघते; अष्टमीला सहाच्या सुमाराला. कारण समुद्राच्या मागे चंद्र आहे. बाजाराच्या मागे असा नेमाचा कुणी नाही. तिथली काठी पाणी कुठवर आलं होतं तेवढं सांगते. उद्या कधी येईल, ते नाही.

आता चलत सरासरी, म्हणजे मूव्हिंग ॲव्हरेज. रेडिओवर चार्ट दाखवता येत नाही, म्हणून आकडेच सांगतो. एका शेअरचे पाच दिवसांचे भाव १००, १०२, १०४, १०३ आणि १०६. सरासरी आली १०३. सहाव्या दिवशी भाव १०८ झाला. पहिला १०० सोडून द्या, १०८ आत घ्या. नवी सरासरी १०४.६. रोज जुना एक दिवस बाहेर, नवा एक आत. हे बिंदू जोडले, की रेघ तयार. पाचाऐवजी दोनशे दिवस घेतले, की रोजची खळबळ जिरते आणि मोठा कल उरतो. भाव या रेघेच्या वर आणि रेघही चढती, तर कल वरचा मानतात. भाव खाली आणि रेघ उतरती, तर खालचा.

ही रेघ मला आधी माहीत असती, तर आमच्या घराचं छप्पर वेळेवर झालं असतं. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २१ हजारांच्या वर जाऊन आला होता. दुरुस्तीसाठी ठेवलेले साठ हजार मी एका बड्या कंपनीच्या शेअरात घातले. २१ जानेवारीला एका दिवसात सेन्सेक्स १४०८ अंकांनी पडला. ऑफिसातले एक जाणकार म्हणाले, "स्वस्त मिळतोय, आणखी घ्या, तुमची सरासरी खाली येईल." मार्चमध्ये घेतले, जुलैमध्ये घेतले, सप्टेंबरात कर्ज काढून घेतले. माझ्या खरेदीची सरासरी खाली आली खरी, पण भाव तिच्याहून वेगानं खाली गेला. २७ ऑक्टोबरला बाजार चालू असताना सेन्सेक्स आठ हजारांच्याही खाली गेला होता. मार्चपासून वर्षअखेरपर्यंत बहुतेक काळ तो दोनशे दिवसांच्या सरासरीच्या खालीच होता. मी सरासरी पाहत होतो, फक्त चुकीची.

पण मग ती रेघ पाळली की झालं, असंही नाही. ती उशिरा बोलते. मागच्या भावांवरून काढलेली, तेव्हा उशीर तिच्या रक्तातच आहे. २३ मार्च २०२० रोजी, करोनाच्या धास्तीत, निफ्टी ७,६१० वर बंद झाला. तिथून तो फिरला. परत दोनशे दिवसांच्या सरासरीवर चढायला त्याला जुलै उजाडला, आणि तोवर तो तळापासून तीन हजार अंकांहून अधिक वर आला होता. त्याच वेळी अमेरिकेत आणखी गंमत झाली. पन्नास दिवसांची सरासरी दोनशेच्या सरासरीखाली गेली, की तिकडे त्याला 'डेथ क्रॉस', मरणाची फुली म्हणतात. एस अँड पी ५०० या निर्देशांकात ती फुली पडली ३० मार्चला. तळ होऊन तेव्हा आठवडा लोटला होता.

दुसरी अडचण आडव्या बाजाराची. भाव नुसता वरखाली करतो, कुठं जात नाही. अशा वेळी तो सरासरीला दर चार दिवसांनी छेदतो, आणि प्रत्येक छेदाला घ्या-विका करणारा थोडं थोडं गमावतो. म्हणून आधी कल आहे तरी का, हे पाहावं लागतं. त्यासाठी वेल्स वाइल्डर नावाच्या अमेरिकन मेकॅनिकल इंजिनिअरनं एडीएक्स काढला. १९७८ मधल्या त्याच्या एकाच पुस्तकात एडीएक्स आणि आरएसआय दोन्ही आहेत. एडीएक्स विसाच्या खाली असेल तर कल नाही असं धरतात. पंचवीसच्या वर गेला तर आहे. इथं माझा भाचा पहिल्यांदा अडखळला. एडीएक्स चढतोय म्हणजे भाव चढणार, असं तो समजत होता. एडीएक्स जोर सांगतो, दिशा सांगत नाही. जोरात कोसळणाऱ्या बाजारातही तो चढतच असतो.

आरएसआयबद्दल गैरसमज त्याहून जास्त. चौदा दिवसांतली वाढ आणि घट यांची तुलना करून तो शून्य ते शंभरमध्ये येतो. सत्तरच्या वर गेला की खरेदी अति झाली, आता विका, एवढंच लोक पाठ करतात. पण खऱ्या तेजीत तो आठवडेच्या आठवडे सत्तरच्या आसपास रेंगाळतो आणि विकणारा हात चोळत बसतो.

आता ती पाच इंडिकेटर. रमजानच्या शेवटी आमच्या मोहल्ल्यात फोन वाजू लागतात. चाँद दिसला! पाच जणांनी सांगितलं, सहाव्यानं सांगितलं. चौकशी करत गेलं, की कळतं, सगळ्यांनी एकाच गच्चीवरच्या एकाच मुलाकडून ऐकलेलं. याला पाच साक्षी म्हणत नाहीत. चलत सरासरी, एमएसीडी, आरएसआय, एडीएक्स हे सगळे त्याच भावांवर गणित करतात. एमएसीडी तर दोन सरासऱ्यांमधलं अंतरच आहे. पाचही एका सुरात बोलले, तरी साक्षीदार एकच, तो म्हणजे भाव. त्यातल्या त्यात वेगळा साक्षीदार हवा, तर किती शेअरांची उलाढाल झाली ते बघावं.

आणि भाचा तर शेअरही घेत नव्हता, ऑप्शन घेत होता. तिथं दिशा बरोबर येऊनही वेळ चुकली, तर पैसे जातात, कारण मुदत जवळ येते तसा ऑप्शन झिजत जातो. 'सेबी'नं सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेली पाहणी त्याला वाचून दाखवली. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्यूचर्स-ऑप्शनमध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक ट्रेडरांपैकी ९३ टक्के तोट्यात होते, आणि तोटा खर्च धरून सरासरी सुमारे दोन लाखांचा. "तू माझ्याकडे बरोबर तेवढेच मागतोयस," मी म्हटलं. तो हसला नाही.

मी म्हटलं, सहा महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्ट नोटा आण. पुढच्या रविवारी घेऊन आला. आम्ही दोघं पाटावर वही घेऊन बसलो. ७४ सौदे. ३१ फायद्याचे, दर सौद्याला सरासरी दोन हजार. ४३ तोट्याचे, सरासरी सहा हजार. फायदा ६२ हजार, तोटा दोन लाख ५८ हजार. आकडे त्यानंच लिहिले. मग मी त्याला त्या ४३ सौद्यांपैकी एकेकाचा चार्ट उघडायला लावला. २९ ठिकाणी त्याच्याच रेघेनं 'बाहेर पड' म्हटलं होतं. मग काय केलंस? म्हणाला, दुसरं इंडिकेटर लावून बघितलं, ते अजून वर दाखवत होतं.

तेव्हा २००८ मधला मी मला आठवलो.

दोन लाख मी दिले नाहीत. आपा थोडी रुसली, मग बरी झाली. भाचा एका दुकानात कामाला लागलाय आणि तूर्त कागदावरचेच सौदे करतो. वहीत चार रकाने आखलेत: घेण्याचा भाव, घेण्याचं कारण, बाहेर पडण्याचा भाव, आणि काय झालं. महिन्याला एकदा दाखवायला येतो. मागच्या खेपेला आला तेव्हा पहिले दोन रकाने सुवाच्य अक्षरांत भरलेले होते, तिसरा अर्धा कोरा. मी त्यावर बोट ठेवलं. "लिहितो ना मामू," म्हणाला आणि माझ्याच खिशातलं पेन काढून घेतलं.